विचारल्याशिवाय आत येऊ नये

५ नोव्हेंबर

मायना काय लिहावा ते सुचेना, म्हणून तशीच सुरुवात करते. माझा फोन तू उचलत नाहीस. बाबांचा उचलतेस, हे मला माहीत आहे. ते गॅलरीत जाऊन बोलतात आणि आत आल्यावर उगाच पंख्याकडे बघत बसतात.

रविवारच्या पुरवणीतला तुझा मजकूर आज पुन्हा वाचला. चांगला लिहिला आहेस. शुद्धलेखनाची एकही चूक नाही. शाळेचं नाव घातलं नाहीस, माझंही नाही, एवढे उपकार. पण खाली तुझं नाव आहे, आणि वर हे वाक्य आहे: ‘माझी आई ज्या शाळेची मुख्याध्यापिका होती, त्या शाळेत मी सात वर्षं पाण्याचा घोट घेतला नाही.’ एवढ्यावर कोणालाही कळतं. दूधवाल्याने विचारलं, “बाई, मुलीची तब्येत बरी आहे ना आता?” मी म्हटलं, अगदी ठणठणीत आहे. त्याने पिशवी हातात दिली, पण नजर वर केली नाही.

त्या दिवशी फोनवर मी रागाच्या भरात बोलले. ‘या घरात पाय ठेवू नकोस’ असं मी म्हटलेलं नाही. ‘यायचं तर विचार करून ये’ असं म्हटलं होतं.

एक दुरुस्ती मात्र करते. मुलींच्या संडासाला दार नव्हतं असं तू लिहिलं आहेस. दार होतं. कडी नव्हती. छापून येणाऱ्या मजकुरात तपशील बरोबर असावेत.

सहावीत तुला सारखा ताप यायचा. डॉक्टर म्हणाले होते, ही पाणी पीत नाही. त्यानंतर रोज सकाळी मी स्वतः तुझी बाटली भरून दप्तरात ठेवायचे. संध्याकाळी ती रिकामी यायची.

कुठे ओतायचीस?

आई


२० नोव्हेंबर

पत्राचं उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं.

तुझ्या मजकुराने इथे काय केलं ते तुला कळायला हवं. पालकांची सभा झाली. एरवी सभेला चार डोकी येतात, तीही दाखल्यावर सही हवी म्हणून. यावेळी वर्ग भरून लोक व्हरांड्यात उभे. तिसरीतल्या एका मुलीची आई बसवर कंडक्टर आहे. तिने सवयीने सगळ्यांना दामटलं, “पुढे सरका, पुढे जागा आहे, दारात लटकू नका.” मग तिकिटाच्या बॅगेतून तुझं कात्रण काढलं. प्लॅस्टिकमध्ये घालून घेतलंय तिने. सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. मी टेबलामागे बसून होते. तुझं वाक्य ऐकताना कुठे बघायचं ते कळेना, म्हणून घंटेकडे बघितलं.

वाचून झाल्यावर ती म्हणाली, “बाई, तुमच्या पोरीने आमच्या पोरींचं लिहिलंय. माझीही पीत नाही पाणी. मला वाटायचं नाटकं करते.”

मग निधीचं निघालं. नियम तुला माहीत नसेल. पालक वर्गणीतून जेवढे पैसे जमवतील, तेवढेच सरकार वर घालतं. पुलापलीकडच्या नव्या वसाहतीतली शाळाही सरकारीच. तिथले पालक एका संध्याकाळी जेवढं जमवतात तेवढं आपल्याकडे वर्षभरात जमत नाही. म्हणून त्यांच्या शाळेवर दुसरा मजला चढला, आणि आपल्या तिसरीचा वर्ग व्हरांड्यात भरतो. कोपऱ्यातल्या खोलीचं छत फुगलंय. खाली लाकडी टेकू दिलाय. त्या खोलीत मी कोणाला बसू देत नाही.

कंडक्टरबाईंनी हे एका दमात समजावलं. “ज्याच्या खिशात पैसे, त्याला तिकीट निम्म्यात. ज्याच्या नाहीत, त्याला मधल्या स्टॉपवर खाली उतरवा. हा कुठला हिशोब?”

मागणी ठरली: जेवढं त्यांच्या मुलाला, तेवढंच आमच्या मुलाला. गावाबाहेरच्या आणखी काही शाळा सामील झाल्या आहेत. अर्जाखाली पहिली सही माझी घेतली. कंडक्टरबाई म्हणाल्या, “मोठ्या बाईंच्या शब्दाला वजन आहे.” खात्याच्या कचेरीवर मोर्चा गेला, त्यातही मी पुढे होते. घोषणा द्यायला मला जमत नाही. ओठ हलवत होते.

हे सगळं तुझ्यामुळे झालं, असं बाबा म्हणतात. मी काही म्हणत नाही.

आई


६ डिसेंबर

घाईत लिहिते. खात्याने समिती नेमली आहे. सगळ्या शाळा बघत बसणार नाहीत. नमुना म्हणून एकच बघणार, आपली. जे दिसेल त्यावर सगळ्यांचं ठरेल. येत्या गुरुवारी येतील.

शाळेत थोडी झाडलोट चालू आहे.

तुझ्या खोलीचं दार सुताराने नेलंय. खाली घासत होतं. काही दिवसांनी परत येईल. तू इतक्यात येणार नाहीस, म्हणून आत्ताच काढून घेतलं. बाबा म्हणाले, “घासत तर नव्हतं.” त्यांना हल्ली ऐकू कमी येतं.

आई


१४ डिसेंबर

समिती येऊन गेली. सगळं छान पार पडलं. दोन गृहस्थ होते आणि एक अधिकारी बाई, माझ्यापेक्षा वयाने लहान, पायांत साध्या चपला. त्यांनीच सगळं फिरून पाहिलं. बाकीच्या दोघांनी चहा घेतला. मुलं एका सुरात ‘नमस्ते’ म्हणाली. कोणी नाक पुसलं नाही, कोणी मध्येच उठून ‘बाई, जाऊ?’ विचारलं नाही. तिसरीच्या वर्गात कागदाचं मोठं झाड केलं होतं, प्रत्येक पानावर एकेका मुलाचं नाव. अधिकारी बाईंनी त्याचा फोटो काढला. म्हणाल्या, “मॅडम, किती कल्पक आहात तुम्ही!” जाताना हात हातात घेतला. इतक्या वर्षांच्या नोकरीत खात्यातल्या कोणी माझा हात हातात घेतला नव्हता.

तुला कळावं म्हणून लिहिलं.

आई


१६ डिसेंबर

वरचं पत्र पाकिटात घातलं होतं, चिकटवायचं राहिलं होतं. ते तसंच राहू दे. पुढचं आज लिहिते.

काल शाळा सुटल्यावर कंडक्टरबाई आल्या, गणवेशातच, खांद्यावर बॅग. मुलगी बरोबर होती. तिचं डोकं त्यांनी माझ्यासमोर वाकवलं आणि भांग पाडून दाखवला.

“बाई, हिच्या केसांत हा चुना कुठून आला?”

मी हातातला खडू खाली ठेवला.

“ही म्हणते, गुरुवारी आम्ही आतल्या खोलीत बसलो. टेकूच्या खोलीत. मी म्हटलं, गप बस, मोठ्या बाई असं कधी करायच्या नाहीत. ही ऐकेना. थापा मारते म्हणून एक धपाटा घातला. पण धुताना बघते तर चुना. म्हटलं, विचारून टाकावं. रुखरुख नको.”

मुलगी माझ्याकडे बघत होती. रडत नव्हती. मी काय म्हणते याची वाट बघत होती.

मी म्हटलं, “खडूची धूळ असेल. पुढच्या बाकावर बसते ना.”

कंडक्टरबाईंचा चेहरा मोकळा झाला. “तेच म्हटलं मी. बघ गं, बाई काय सांगतायत. आता माफी माग.”

मुलीने माझी माफी मागितली.

तुला सांगते काय झालं ते. दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही. तपासणी म्हटली की माझे हात आपोआप चालू लागतात. माझ्या आधीच्या मोठ्या बाईंनी मला हेच शिकवलं होतं. पाहुणा आला की चांगलं बाहेर, फाटकं आत. तपासणीला शाळा हसली पाहिजे. दरवर्षी तेच करत आले. मोडके बाक मागे ढकलायचे, शेजारच्या क्लासमधून दोन धड बाक मागून आणायचे, नळाला पाणी नसेल तर पिंप भरून ठेवायचं आणि नळाखाली ओल दिसावी म्हणून फडकं पिळायचं. आम्ही सगळ्याच करतो. याला आम्ही लबाडी म्हणत नाही. नीटनेटकेपणा म्हणतो.

यावेळी फाटकं दाखवायलाच त्यांना बोलावलं होतं. अर्जावर माझीच सही होती. तरी बुधवारी मी चुना मागवला, बाक मागवले. व्हरांड्यात बसलेली मुलं दिसायला बरी दिसत नाहीत, म्हणून त्यांना खोलीत बसवलं. टेकू उघडा दिसत होता. त्याला रंगीत कागद गुंडाळला, वर फांद्या काढल्या. ते झाड म्हणजे टेकू. पानांवर मुलांची नावं मी माझ्या अक्षरात लिहिली.

मुलं एका सुरात ‘नमस्ते’ म्हणाली तेव्हा वरून भुरभुर पडली. मला दिसली. मी फळ्याकडे बोट दाखवून बाईंना कविता दाखवली.

आई


३ जानेवारी

अहवाल आला. तुझ्यासाठी उतरवून घेत नाही, पण काही वाक्यं पाठ झाली आहेत. ‘इमारत जुनी असली तरी सुस्थितीत. मुलींसाठी दार असलेलं स्वच्छतागृह उपलब्ध. वर्गसजावट उल्लेखनीय. मर्यादित निधीतही शाळा कशी राखता येते याचा ही शाळा आदर्श नमुना आहे. सबब निधीच्या नियमात बदलाची निकड दिसून येत नाही.’ आणि शेवटी माझं अभिनंदन.

म्हणजे नुसत्या आपल्या नाही, सगळ्याच शाळांच्या मागणीवर बोळा फिरला. नमुना मी.

सभेत अहवाल मलाच वाचायला लावला. ‘सुस्थितीत’ म्हटल्यावर लोक हसले. ‘दार असलेलं’ म्हटल्यावर ओरडायला लागले. पालकांत बसलेला आपला सुतार तेवढा ओरडला नाही. तो मान खाली घालून नखाने नख कोरत होता. कंडक्टरबाई बाकावर चढल्या. “चहा पिऊन गेले मेले आणि लिहिलं काय! बघितलंच नाही त्यांनी. उद्याच जायचं हापिसात. ज्याने लिहिलं त्याला विचारायचं, डोळे होते की बटणं?”

सगळे उठायला लागले. मी बसून राहिले असते तर उद्या लोक हापिसात गेले असते, त्या साध्या चपलांच्या बाईंना वाटेल ते बोलले असते, आणि माझं नाव स्वच्छ राहिलं असतं. थोडा वेळ मी बसूनही राहिले. ते लिहायला हवं. लगेच उभी राहिले नाही.

मग म्हटलं, “अहवाल खोटा नाही. त्यांनी पाहिलं तेच लिहिलं. मी दाखवलं ते खोटं होतं.”

कोणाला ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हणावं लागलं. एकदा बोललेलं पुन्हा बोलणं जास्त कठीण जातं. बाक, नळ, झाड, सगळं सांगितलं. खोलीचं शेवटी.

कंडक्टरबाई बाकावरून उतरल्या. मला वाटलं, शिव्या देतील. त्या हळू आवाजात बोलल्या, ते जास्त वाईट झालं.

“म्हणजे खडू नव्हता तो.”

“नाही.”

“माझ्या पोरीने तुमची माफी मागितली. मी मागायला लावली.”

“हो.”

“पडलं असतं म्हणजे वरून?”

मी अहवालाची घडी घातली.

“तुमच्या पोरीने खरं लिहिलं, तर तिला तुम्ही घराबाहेर काढलंत. सगळ्यांना माहितीये, बाई, भिंतींना कान असतात. माझ्या पोरीने खरं सांगितलं, तर तिला मी धपाटा घातला. आपण दोघी एकाच माळेचे मणी. फक्त मी तुमच्यावर विश्वास ठेवून घातला.”

मग त्यांनी मुलीला हाताला धरलं आणि गेल्या. बाकीचेही गेले. जाताना चपला शोधण्याचा तेवढा आवाज. सुतार मागे राहिला. म्हणाला, “बाई, मीही होतो त्यात. दार मीच बसवलं. वाटलं, चांगलं काम आहे.”

दाराचं तुला कळलंच असेल. बाबांनी सांगितलं असेल. तरी मी सांगते. मुलींच्या संडासाला दार नव्हतं. तुझ्या वेळी नव्हतं, आजवर नव्हतं. कडीची गोष्ट मी बनवली. तुझ्या खोलीचं दार घासत नव्हतं. ते काढून तिथे बसवलं, कारण मोजून बघितलं तर तेच बसत होतं. आणि फोनवर मी ‘पाय ठेवू नकोस’ असंच म्हटलं होतं.

खात्याला पत्र लिहिलंय. जे दाखवलं ते सजवलेलं होतं, पुन्हा या, असं. बाबांनी वाचलं. म्हणाले, “निवृत्तीला किती राहिलंय तुझ्या? पेन्शन अडकवतील.” मी म्हटलं, अडकवू देत. ते बराच वेळ तुझ्या खोलीच्या चौकटीत उभे राहिले. मग म्हणाले, “घराचं दार शाळेला गेलं, शाळेची लाज घरात आली. देवाणघेवाण बरोबर झाली म्हणायची.” मला हसू आलं नाही, पण त्यांनी मला हसवायचा प्रयत्न केला, हे तुला कळावं.

आई


३० जानेवारी

ठमे,

या नावाने हाक मारायचा हक्क राहिलाय की नाही, माहीत नाही. तू लठ्ठ होतीस तेव्हाचं नाव आहे. नको असेल तर सांग.

काल समिती पुन्हा आली. यावेळी दोघेच, अधिकारी बाई आणि एक गृहस्थ. आधी मला कारणे दाखवा नोटीस हातात दिली, मग शाळा बघायला निघाले. नोटीस योग्य आहे. उत्तर लिहीन.

आदल्या दिवशीचं सांगायचं आहे. मागून आणलेले बाक परत केले. कागदाचं झाड मुलांकरवी नको, मीच उतरवलं. पानं मुलांना वाटून टाकली. कोपऱ्यातल्या खोलीला कुलूप लावलं. हात शिवशिवत होते. मैदानात एक कागद पडला होता, तो उचलावा की राहू द्यावा, यावर मी किती वेळ घालवला ते सांगायला लाज वाटते.

राहिलं दार. खरं दाखवायचं तर दार काढायला हवं होतं. सुताराला बोलावलं. कंडक्टरबाईही आल्या होत्या. त्या सभेनंतर माझ्याशी बोलत नव्हत्या, पण रोज यायच्या. मुलीला वर्गात बसलेली बघून मगच ड्यूटीवर जायच्या. मला ते दिसावं असंच करायच्या.

सुताराने बिजागरीला हात घातला तर आतून आवाज आला, “थांबा ना! मी आहे आत.”

आम्ही तिघं तिथे उभे राहिलो. आतून पाण्याचा आवाज. मग त्यांचीच मुलगी बाहेर आली. हात फ्रॉकला पुसले. सुताराच्या हातातला पेचकस बघितला आणि विचारलं, “दार नेणार?”

सुताराने पेचकस खाली केला.

“मी आता पाणी पिते,” ती म्हणाली. आईला सांगत होती, मला नाही.

कंडक्टरबाईंनी तोंड फिरवलं. थोड्या वेळाने म्हणाल्या, “राहू दे ते. नाही काढायचं.” मग पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. “बाई, खरं काय दारं काढूनच सांगावं लागतं का? तोंड आहे ना तुम्हाला?”

त्या दाराला मी समितीसाठी पांढरा रंग दिला होता. तू दहा वर्षांची असताना त्यावर बॉलपेनने रेघा ओढून ओढून लिहिलं होतंस. रंग ओला होता तोवर अक्षरं दिसली नाहीत. वाळल्यावर वर आली. शाळेतल्या मुली ती वाचतात, लहान वर्गातल्या बोट ठेवून अक्षरं लावतात.

काल अधिकारी बाईंनीही वाचलं. ‘विचारल्याशिवाय आत येऊ नये. आईनेसुद्धा.’

“हे कोणी लिहिलंय?”

“माझ्या मुलीने.”

“शाळेच्या दारावर?”

“शाळेचं नाही. तिच्या खोलीचं आहे. मागच्या वेळी तुम्ही येणार म्हणून मी घरून काढून इथे लावलं. इथे कधीच दार नव्हतं. ती या शाळेत सात वर्षं होती आणि पाणी प्यायची नाही. ते तिने पेपरात लिहिलं तेव्हा मी तिला खोटं पाडलं.”

गृहस्थांनी घसा खाकरला. त्यांच्या हातात तक्ता होता. “मॅडम, ते सगळं ठीक आहे. पण इथे रकाना आहे. स्वच्छतागृहाला दार. मी काय लिहू? आहे की नाही? दिसतंय तर समोर.”

पोरी व्हरांड्यात गोळा झाल्या होत्या. पालकही होते. कंडक्टरबाई हाताची घडी घालून माझ्याकडे बघत होत्या.

मी म्हटलं, “सरकारचं नाही, असं लिहा.”

“तसा रकाना नाही.”

“मग रकान्याबाहेर लिहा.”

अधिकारी बाईंनी त्यांच्या हातातून तक्ता घेतला आणि स्वतः लिहिलं. काय लिहिलं ते मला दिसलं नाही. नंतर त्यांनी कोपऱ्यातल्या खोलीचं कुलूप उघडायला सांगितलं. मी किल्ली दिली आणि आत गेले नाही. त्या एकट्या आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा खांद्यावर चुना होता. त्यांनी तो झटकला नाही. यावेळी माझा हातही हातात घेतला नाही. ते बरोबरच होतं.

निकाल लागायचा आहे. लागेल तसा लागेल. कंडक्टरबाई म्हणतात, नाही लागला तर पुढचा मोर्चा तुमच्या नोटिशीसकट. मला पुन्हा पुढे उभं करणार नाहीत. मागे चालेन. यावेळी घोषणा देता येईल असं वाटतं.

दार आता परत आणता येणार नाही. तुझ्या खोलीला पडदा लावलाय, जुन्या चादरीचा. बाबांनी शिवला, एक बाजू आखूड झाली आहे. दार नाही म्हणून येऊ नये असं करू नकोस. पडद्याबाहेर उभी राहून मी आधी हाक मारीन. तू ‘ये’ म्हणेपर्यंत थांबेन.

नाही म्हणालीस, तरी थांबेन.

आई